गाडी धुवायची, पण उजेड कुठून पाडायचा?

मित्रांनो, कॉलेजच्या अंकात तांत्रिक लेख म्हटला की रोबोटिक्स, नॅनो टेक्नॉलॉजी, गेला बाजार सौरऊर्जा, असा आपला रिवाज आहे. मी मात्र वॉशिंग सेंटरच्या लाईटबद्दल लिहिणार आहे. हसू नका! साडेचार बाय सात मीटरच्या एका ओल्या जागेत दिवे कुठे आणि कसे लावायचे, या एवढ्याशा प्रश्नात आपल्या सिलॅबसमधले निम्मे विषय येऊन जातात. इल्युमिनेशन, इलेक्ट्रिकल सेफ्टी, थोडं थर्मोडायनॅमिक्स, थोडं मटेरियल सायन्स. आणि पेपरात चुकलं तर चार मार्क जातात, इथे चुकलं तर माणूस जाऊ शकतो.

माझ्या मामांचं संगमनेरजवळ, नाशिक-पुणे रस्त्याला लागून वॉशिंग सेंटर आहे. पत्र्याची शेड, दोन बे, मध्ये भिंत, प्रत्येक बेमध्ये गाडी वर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट. कामाला चार पोरं. दिवसा उजेडाचा प्रश्न नसतो, पण गिऱ्हाईक येतं ते संध्याकाळी सहानंतर, आणि पावसाळ्यात तर दुपारी तीनलाच शेडमध्ये अंधारून येतं. २०२४ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे छताला ४०० वॅटचे दोन मेटल हॅलाइड दिवे होते (मामा त्यांना 'हॅलोजन'च म्हणतात, आणि त्यांना कोणी दुरुस्त करू शकलेलं नाही) आणि शिवाय चार फुटी सहा ट्यूब. उजेड भरपूर वाटायचा. तरी रोज एक-दोन गाड्या परत यायच्या. "दाराखाली चिखल तसाच आहे हो", "चाकाच्या वर साबण सुकलाय." मामा पोरांवर ओरडायचे. पण दोष पोरांचा नव्हताच, भूमितीचा होता.

बघा कसं ते. बेच्या मधोमध, छताला दिवा आहे. त्याच्या बरोब्बर खाली गाडी. गाडीचं दार हा उभा पृष्ठभाग, आणि तो दिव्याकडे पाठ करून उभा आहे. म्हणजे त्या दिव्याचा एकही थेट किरण दारावर पडू शकत नाही. टपावर आणि बॉनेटवर लख्ख उजेड, आणि दार, पायदान, चाकाची कमान सगळं गाडीच्या स्वतःच्याच सावलीत. तिथे जे काही दिसतं ते फरशीवरून आणि भिंतीवरून परतलेल्या उजेडात. फरशी ओली आणि काळपट, भिंत शेवाळलेली. मग परतणार किती?

बरं, दिवा मध्ये न लावता छतालाच, पण भिंतीच्या कडेला सरकवला तर? आता आपलं जुनं सूत्र काढा: प्रदीपन म्हणजे तीव्रता गुणिले कोसाइन थीटा, भागिले अंतराचा वर्ग. गाडीचं दार भिंतीपासून १.४ मीटरवर आहे. दाराचा खालचा भाग जमिनीपासून अर्धा मीटर उंच. दिवा साडेचार मीटर उंचीवर असेल तर अंतर येतं सुमारे ४.२४ मीटर आणि कोसाइन ०.३३. तोच दिवा भिंतीवर २.४ मीटर उंचीला आणला तर अंतर २.३६ मीटर आणि कोसाइन ०.५९. भागाकार करून बघा. त्याच दिव्याचा, तेवढ्याच विजेत, दारावर पडणारा उजेड जवळजवळ पावणेसहा पट होतो. (दोन्ही दिशांना तीव्रता सारखी धरली आहे. प्रत्यक्षात ती सारखी नसते, पण अंदाज यायला हे पुरे.)

आणि लिफ्ट वर गेली की छतावरच्या दिव्याचा उरलासुरला उपयोगही संपतो. गाडी माणसाच्या डोक्याच्या वर, पोरगा खाली उभा राहून चॅसी धुतोय, आणि दिवा गाडीच्या पलीकडे. म्हणजे ज्या कामासाठी लिफ्ट घेतली त्याच कामाला उजेड नाही! आमच्याकडची पोरं दातात मोबाईल धरून चॅसी धुताना मी पाहिली आहेत. भिंतीवरचा दिवा मात्र बाजूने आत शिरतो. छताच्या जागी भिंत निवडण्याचं माझ्या मते हेच सर्वांत मोठं कारण आहे, आणि परदेशी कॅटलॉगमध्ये ते कुठे फारसं दिसत नाही, कारण त्यांच्याकडच्या सेल्फ-सर्व्हिस बेमध्ये सहसा लिफ्ट नसते.

आता तुम्ही म्हणाल, भिंतीवर तर भिंतीवर, पण एलईडीच कशाला? ट्यूबच खाली आणा की. याचं उत्तर मामांनीच दिलं. २०२३ च्या पावसाळ्यात त्यांच्याकडे एका पोराला शॉक बसला होता. हातात पाण्याची गन, पायाखाली पाणी, आणि दुसरा हात सहज शेडच्या लोखंडी खांबाला टेकला. झालं होतं असं की ट्यूबच्या जुन्या चोकचं इन्सुलेशन गेलं, वाइंडिंग पत्र्याच्या पट्टीला टेकली, आणि पट्टी खांबाला स्क्रूने आवळलेली. पट्टीला अर्थिंग नव्हतंच. पोरगा झटका बसून मागे पडला म्हणून सुटला. हात चिकटला असता तर हा लेख मी लिहिला नसता. वायरमनने दुसऱ्या दिवशी येऊन चोक बदलला आणि "आता काही होत नाही" असं सांगून तो गेला.

हे "आता काही होत नाही" जरा तपासून पाहू. ओल्या अंगाने, ओल्या पायांनी माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरतात. २३० व्होल्टला त्यातून २३० मिलिअँपिअर जातात. हृदयाची लय बिघडायला एवढा प्रवाह पुरेसा होतो. मीटरजवळ एमसीबी आहे ना, तो ट्रिप होईल? नाही होणार. सहा अँपिअरच्या एमसीबीला पाव अँपिअरची जाणीवही होत नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नसतो. माणसासाठी असतो आरसीसीबी. फेज आणि न्यूट्रल एकाच गोल कोअरमधून नेलेले असतात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखे असतील तर कोअरमध्ये फ्लक्स शून्य. थोडा जरी प्रवाह माणसातून किंवा ओल्या भिंतीतून जमिनीत निघून गेला तर तोल जातो आणि स्विच उडतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढ्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत आणि पाचपट गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत तुटला पाहिजे असं प्रमाण आहे. आमच्या मशीन्सच्या सरांनी हे वर्गात शिकवलं तेव्हा तो एक पाच मार्कांचा प्रश्न वाटला होता. शेडमध्ये उभं राहिल्यावर तो तसा वाटत नाही.

म्हणून मी मामांना पहिली गोष्ट सांगितली ती दिव्यांची नव्हतीच. आधी आरसीसीबी, आधी नीट अर्थिंग, आणि शेडच्या खांबांनाही अर्थिंग. दिवे नंतर. यात अर्थिंगचं काम असं की गळती झाल्याबरोबर प्रवाहाला वाट मिळते आणि कोणी हात लावण्याआधीच आरसीसीबी उडतो. अर्थिंग नसेल तर तो बिचारा कोणीतरी हात लावण्याची वाट बघत बसतो. (जाता जाता: आपल्या हॉस्टेलच्या बाथरूमबाहेर गिझरच्या लाईनला आरसीसीबी आहे का, आणि त्याचं 'टी' लिहिलेलं बटण शेवटचं कधी दाबून पाहिलं होतं, हे रेक्टर सरांना आणि आपल्या इलेक्ट्रिशियन काकांना विचारायला हरकत नाही. स्वतः मात्र बोर्ड उघडू नका.)

दिव्यांकडे वळू. एलईडीचा इतिहास आपल्याला पाठ आहे. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर बसवून पांढरा उजेड तयार झाला. तेवढं पुरे. आपल्या कामाचं वैशिष्ट्य वेगळं आहे: एलईडी लांबट, चपट्या, पूर्ण बंद डब्यात बसवता येतो, आणि बटण दाबल्याबरोबर लागतो. मेटल हॅलाइडची तऱ्हा अशी, की लाईट क्षणभर जरी गेली तरी तो विझतो आणि गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. संध्याकाळच्या गर्दीत लाईट दोनदा गेली की अर्धा तास धंदा बंद.

पण 'वॉटरप्रूफ एलईडी' असं बोलून जे काही दुकानात मिळतं ते सगळं वॉशिंग सेंटरला चालत नाही, आणि इथेच बहुतेक जण फसतात. डब्यावर आयपी ६५ लिहिलेलं असतं. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. आयपीमधल्या त्या ५ चा अर्थ काय? ६.३ मिलिमीटरच्या नोझलने, मिनिटाला साडेबारा लिटर पाणी, अडीच-तीन मीटरवरून मारायचं. त्यासाठी पाण्याचा दाब लागतो साधारण ०.३ बार. ६ असेल तर नोझल साडेबारा मिलिमीटरचं, पाणी मिनिटाला १०० लिटर, दाब १ बारच्या आसपास. आणि प्रेशर वॉशरच्या पंपाचा दाब? घरगुती छोटा वॉशरसुद्धा शंभर बारच्या घरात असतो. अर्थात पंपाचा दाब आणि लांबून बसणारा मार या वेगळ्या गोष्टी आहेत, फवारा पसरतो तसा त्याचा जोर ओसरतो. पण बेमध्ये भिंत हाताच्या अंतरावर असते आणि गन फिरवताना धार दिव्यावर जाणारच. त्यासाठीची चाचणी म्हणजे आयपी ६९, किंवा जुन्या जर्मन प्रमाणातली ६९के: ८० अंश सेल्सिअसचं पाणी, ८० ते १०० बार, दहा-पंधरा सेंटीमीटरवरून, चार वेगवेगळ्या कोनांतून, प्रत्येकी ३० सेकंद.

आणखी एक गंमत. आयपी ६७ हा आकडा ६६ पेक्षा मोठा, म्हणून चांगला, असं दुकानदार छातीठोकपणे सांगतो. ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवला तरी आत पाणी नाही. पण बुडवणं वेगळं आणि धारेचा मार वेगळा. ६७ पास झालेला दिवा ६६ ची धार सोसेलच असं नाही. दोन्ही हवं असेल तर डब्यावर दोन्ही आकडे छापलेले असावे लागतात.

एवढं करूनही दिव्यात पाणी शिरतंच, आणि ते का शिरतं हे मला या सगळ्यात सर्वांत आवडलेलं प्रकरण आहे. दिवा चालू आहे, आतली हवा समजा ६० अंशाला तापली आहे. तापताना थोडी हवा गास्केटमधून हळूहळू बाहेर गेली आणि आतला दाब बाहेरइतका झाला. आता त्यावर बोअरचं पंचवीस अंशाचं पाणी पडलं. आकारमान स्थिर, तापमान ३३३ केल्विनवरून २९८ वर. आतला दाब साडेदहा टक्क्यांनी पडतो, म्हणजे सुमारे १०.६ किलोपास्कल. पाण्याच्या स्तंभात मोजलं तर एक मीटरपेक्षा थोडं जास्त! म्हणजे गार पाण्याचा एक हबका हा, गास्केटच्या दृष्टीने, दिवा एक मीटर खोल बुडवल्यासारखाच आहे. आणि बाहेर गास्केटवर पाणी तयारच असतं. दिवसातून वीस वेळा हे झालं की दिवा अक्षरशः पाणी पितो. मग काचेच्या आत दव जमतं, सर्किटवर हिरवट गंज चढतो, आणि "एलईडी टिकत नाहीत राव" असं लोक म्हणतात. उपाय साधा आहे. चांगल्या दिव्याला पीटीएफईच्या पडद्याची एक छोटी झडप असते. त्यातून हवा आणि वाफ जाते, पाणी जात नाही. आत-बाहेर दाब सारखा राहिला की गास्केटवर ताण येत नाही. दिवा विकत घेताना ही झडप आहे का, एवढं मागच्या बाजूने पाहून घ्या.

केबलच्या बाबतीतही तेच. ग्लँड कितीही भारी असला तरी त्यात घरगुती चपटी वायर घातली तर दोन बाजूंना फट राहते. गोल थ्री-कोअर केबलच हवी. केबल दिव्यात खालून शिरावी, आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाला टपकून जातं. जॉइंट एकही बेच्या आत नको. आमच्या वायरमनला हे पटायला एक अख्खी दुपार गेली. त्याचं म्हणणं, "टेप मारली की बास." शेवटी मामांनी आवाज चढवला.

डिफ्यूझरसाठी काच की पॉलिकार्बोनेट, यावर मी काचेच्या बाजूचा आहे. पॉलिकार्बोनेट फुटत नाही हे खरं, पण तीव्र अल्कलीचे साबण आणि डिझेलसारखी द्रव्यं त्याला मानवत नाहीत, हळूहळू बारीक भेगा पडून ते धुरकट होतं. आपल्याकडे चॅसीवर डिझेल मारण्याची सवय अजून गेलेली नाही. शेवटी वजन आणि किमतीपुढे मामांनी पॉलिकार्बोनेटच घेतलं, आणि डिझेल मारायचं काम शेडबाहेर नेलं. तेही चालण्यासारखं आहे.

किती दिवे लागतील याचा हिशोब: दोन बे मिळून ६३ चौरस मीटर. सरासरी ३०० लक्स हवेत. उजेडातला निम्माच कामाच्या जागी पोहोचतो, आणि घाण बसून व वयाने अजून तीस टक्के कमी होतो असं धरलं, तर ६३ गुणिले ३०० भागिले ०.३५, म्हणजे ५४,००० ल्यूमेन. चार फुटी, ४० वॅटचा एक दिवा साधारण ४६०० ल्यूमेन देतो. बारा दिवे, भिंतीच्या प्रत्येक तोंडाला तीन. आता मजा बघा. जुन्या मेटल हॅलाइडचा एकेक नवा बल्ब ३२,००० ल्यूमेनच्या आसपास देतो. म्हणजे कागदावर जुन्या दिव्यांचा उजेड नव्यापेक्षा जास्तच होता! तो फक्त चुकीच्या जागी पडत होता.

लांबट दिव्याचा अजून एक फायदा मला आधी सुचला नव्हता, तो पोरांनी दाखवला. ओली काळी गाडी म्हणजे आरसा. त्यात भिंतीवरच्या दिव्याची लांब सरळ रेघ दिसते. जिथे साबणाचा थर राहिला असेल तिथे ती रेघ अंधुक होते, जिथे पोचा असेल तिथे वाकडी होते. पोरं आता गाडीकडे न बघता रेघेकडे बघतात. शिवाय उजेड एका बिंदूतून न येता लांब पट्टीतून येत असल्यामुळे धुणाऱ्याची स्वतःची सावलीही गडद पडत नाही. रंग आम्ही ५००० केल्विनचा घेतला. दुकानदार ६५०० चा निळसर पांढरा गळ्यात मारत होता, पण त्यात पांढऱ्या गाडीवरचा साबण ओळखू येत नाही आणि डोळेही शिणतात.

पैशाचं खरं काय ते सांगतो, कारण अशा लेखांत 'दोन वर्षांत पैसे वसूल' असं लिहायची फॅशन आहे. जुना लोड चोकसकट सुमारे ११५६ वॅट, नवा ४८० वॅट. फरक ६७६ वॅट. रोज चार तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ८११ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला आठ हजार शंभर. खर्च दिवे, केबल, ग्लँड, आरसीसीबी, अर्थिंग, मजुरी धरून छप्पन्न हजार. म्हणजे नुसत्या विजेच्या बचतीवर जवळजवळ सात वर्षं, आणि दिव्यांची वॉरंटी तीन वर्षांची. डब्यावरच्या ५०,००० तासांवर माझा फारसा भरवसा नाही. तो आकडा काही हजार तासांच्या चाचणीवरून पुढे ओढलेला असतो आणि तो फक्त एलईडी चिपचा असतो. आधी जातो तो ड्रायव्हर. त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर दर दहा अंश तापमानवाढीला निम्मं आयुष्य गमावतो, आणि ग्रामीण फीडरवर व्होल्टेजचे धक्के वेगळेच. म्हणून ड्रायव्हर सुटा, बदलता येणारा, असाच दिवा घ्यावा.

हा हिशोब मी मामांपुढे ठेवला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे परवडत नाही, असंच ना?" मी म्हटलं, "विजेत नाही परवडत, मामा." ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी तो पोरगा पडला तेव्हा त्याची आई इथं येऊन बसली होती. एक बे करू आधी."

तसा एक बे २०२४ च्या दिवाळीनंतर झाला. त्यामुळे आपोआपच एक प्रयोगही झाला: एका शेडमध्ये शेजारी-शेजारी जुना आणि नवा. महिनाभरात गिऱ्हाईकच सांगू लागलं की गाडी तिकडच्या बेला घ्या. परत येणाऱ्या गाड्या जवळजवळ बंद झाल्या. दुसरा बे २०२५ च्या मे महिन्यात पूर्ण केला. दिवा पुसायला आता ओल्या फरशीवर शिडी लावावी लागत नाही, एका स्टुलावर काम होतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार डिफ्यूझरवर बसतो, तो पंधरा दिवसांनी व्हिनेगरच्या फडक्याने निघतो. आरसीसीबीचं 'टी' बटण दर एक तारखेला दाबलं जातं, आणि ते काम मामांनी त्याच पोराला दिलं आहे.

एक काम राहिलं आहे. लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तिथे आत उतरून काम करताना आजही अंधार असतो. तिथे २३० व्होल्ट न्यायचेच नाहीत हे ठरलं आहे. १२ व्होल्टचा दिवा, ट्रान्सफॉर्मर शेडबाहेर कोरड्या जागी. २० वॅटला १.७ अँपिअर, अंतर पंधरा मीटर, दीड स्क्वेअर मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरमध्ये जाऊन-येऊन ०.६ व्होल्ट पडतात, म्हणजे पाच टक्के. अडीच स्क्वेअरची घेतली तर जेमतेम तीन. मामा अडीचचीच घ्या म्हणतायत.